जर्नल पूर्ण, हात कोरे!

सबमिशनचा आठवडा म्हणजे आपल्या हॉस्टेलचा खरा सण! दिवाळीत निम्मं हॉस्टेल गावी पळालेलं असतं, पण सबमिशनच्या आदल्या रात्री एकही खोली रिकामी सापडणार नाही. रात्रीचे दोन वाजलेत, गादीवर जर्नलं पसरलीत, मध्ये फरसाणची फाटलेली पिशवी आहे, आणि कुठल्यातरी सिनियरचं 'चेक झालेलं' जर्नल एखाद्या पोथीसारखं या खोलीतून त्या खोलीत फिरतंय. अक्षर आपलं, रीडिंग त्याचं. आणि त्याचं तरी कुठे? त्यानंही ते त्याच्या सिनियरकडून घेतलेलं. मूळ रीडिंग नक्की कोणी आणि कोणत्या साली घेतलं, हा संशोधनाचाच विषय आहे!

मित्रहो, हे मी वर बसून उपदेश करावा म्हणून लिहीत नाही. मीही त्यातलाच. गेल्या सेमिस्टरला एलव्हीडीटीचं प्रॅक्टिकल होतं. म्हणजे गाभा किती मिलिमीटर सरकला, त्यावर व्होल्टेज किती आलं, हे मोजायचं. बॅचमध्ये आम्ही पाच जण. एकानं स्क्रू फिरवला, एकानं मीटर वाचला आणि उरलेले तिघं स्टुलावर बसून कालच्या मॅचवर बोलत होते. त्या तिघांत मी होतो. जर्नल लिहायला बसलो तेव्हा पोथीतली रीडिंग उतरवली. त्यातही दोन बिंदू रेषेच्या जरा बाहेर जात होते, तर मी उलट हिशोब करून त्यांना सरळ रेषेवर आणून बसवलं. ग्राफ इतका सुंदर आला, की पाहत राहावं!

त्या रविवारी नेहमीप्रमाणे विरारला मावशीकडे जेवायला गेलो. (मेसमध्ये रविवारी संध्याकाळी जेवण नसतं, हे निमित्त. खरं कारण मावशीच्या हातचं वांग्याचं भरीत. आम्ही मूळचे रावेरकडचे, भरीत दिसलं की आमचं डोकं चालत नाही.) जर्नल सोबत होतं, कारण सोमवारी सकाळी द्यायचं होतं. माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. आहे आणि आता एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी करते. तिनं सहज जर्नल उघडलं, ग्राफच्या पानावर थांबली आणि म्हणाली, "हे तू केलंयस?"

"म्हणजे काय! एवढ्या रात्री जागून केलंय."

"जागून लिहिलंयस. केलंयस का, ते विचारतेय मी."

मी गप्प. ती म्हणाली, "तुझं यंत्र मला कळत नाही रे. पण दहाच्या दहा बिंदू रेषेवर? एकही इकडे तिकडे नाही? कुठलंही यंत्र टोकाला जाऊन थोडं तरी थकतंच. तुझं थकलेलं दिसत नाही. तुझ्या रेषेला बघून मला माझी एक रेषा आठवली."

मग भरीत बाजूला राहिलं आणि ताईनं तिच्या त्या रेषेची गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून डोक्यात जे चाललंय ते इथे लिहितोय.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात बायोकेमिस्ट्री कशाला? तर एक म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यात, तारापूर एमआयडीसीत, औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत आणि आपल्यातले अनेक जण उद्या तिथंच चिकटणार आहेत. दुसरं म्हणजे त्यांच्या लॅबमधलं स्पेक्ट्रोफोटोमीटर, सेंट्रिफ्यूज, पीएच मीटर हे सगळं शेवटी आपल्याच जातीच्या लोकांनी बनवलेलं असतं. आणि तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. प्रॅक्टिकल न करता प्रॅक्टिकल 'पूर्ण' करण्याचा रोग आपल्यालाही आहे आणि त्यांनाही. फरक इतकाच, की त्यांच्याकडे तो लवकर उघडा पडतो.

बी.एस्सी.ला असतं तेव्हा प्रॅक्टिकल म्हणजे बऱ्यापैकी कुकरच्या शिट्ट्या मोजण्यासारखं असतं. दोन मिली हे टाका, एक मिली ते टाका, दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, रंग आला, रीडिंग घ्या, टाळ्या. एम.एस्सी.ला खेळ बदलतो. तिथं एखाद्या पदार्थातून एक एन्झाइम वेगळं काढायचं असतं. पदार्थ वाटायचा, गाळायचा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, अमोनियम सल्फेट घालून प्रथिनं खाली बसवायची, मग ते मीठ काढून टाकायला डायलिसिसच्या पिशवीत रात्रभर ठेवायचं, मग कॉलममधून सोडायचं, मग जेलवर चालवून बघायचं की आपल्याकडे एकच प्रथिन उरलंय की दहा. हे तीन तासांत होत नाही, तीन-चार दिवस चालतं. आणि यात कुठल्या पायरीवर चूक झाली ते त्या पायरीवर कळत नाही, शेवटी कळतं. म्हणजे सोमवारी केलेला आळस गुरुवारी बाहेर येतो!

ही कामं पुस्तकातून शिकता येतात का? पद्धत शिकता येते, हात नाही. मायक्रोपिपेटचंच बघा. बटणाला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा, सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचं. वाक्य एवढंच. पण पिपेट किती तिरका धरायचा, टोक किती खोल बुडवायचं, अंगठा किती हळू सोडायचा, सोडताना टोक भांड्याच्या भिंतीला कसं टेकवायचं, हे वाक्यात मावत नाही. सायकल शिकण्याचं पुस्तक वाचून कोणी सायकल शिकलंय का?

ताईची बॅच 2020 ते 2022ची. ते दिवस आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मार्च 2020मध्ये कॉलेजं बंद झाली, विरार लोकल सामान्य माणसासाठी बंद झाली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची सगळी प्रॅक्टिकल्स ताईनं विरारच्या घरी, मोबाइलच्या पडद्यावर 'केली'. व्हिडिओत कोणीतरी पिपेट धरायचं, ही वहीत लिहायची. रीडिंग पीडीएफमध्ये यायची, त्यावरून ग्राफ काढायचा. यात कोणाचा दोष होता असं ती म्हणत नाही. शिक्षकांनी त्या परिस्थितीत जमेल ते केलं. पण दुसऱ्या वर्षी कॉलेज सुरू झाल्यावर जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. अभ्यासक्रम मागे पडलेला, परीक्षा डोक्यावर, केमिकल्स मोजकी. चार जणांत एक सेट. त्या चारात एक हुशार मुलगी होती, सगळं तीच करायची. बाकी तिघी टेबल आखायच्या. ताईचं अक्षर चांगलं, त्यामुळे ती टेबल आखण्यात तरबेज झाली!

प्रथिनाचं प्रमाण काढायची ब्रॅडफर्डची पद्धत आहे. 1976 साली आलेली, आजही जगभर चालणारी. कूमासी ब्लू नावाचा रंग असतो, आम्लात तो तांबूस-तपकिरी दिसतो आणि प्रथिन मिळालं की निळा होतो. ठरावीक प्रमाणाची पाच-सहा द्रावणं करायची, 595 नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायची, ग्राफ काढायचा आणि त्यावरून अनोळखी नमुन्यात किती प्रथिन आहे ते शोधायचं. ताईच्या जर्नलमध्ये या ग्राफची रेषा अगदी फुटपट्टी ठेवल्यासारखी सरळ होती. कारण तिनं ती फुटपट्टी ठेवूनच काढली होती. खऱ्या ब्रॅडफर्डची रेषा वरच्या टोकाला वाकते, प्रथिन वाढलं तरी रंग त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून नमुना दाट असेल तर तो पातळ करून, सरळ भागात आणून वाचायचा असतो. हे पुस्तकातही लिहिलेलं असतं, एका ओळीत. ताईनं ती ओळ वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण तिच्या स्वतःच्या रेषेनं तिला कधी हे दाखवलंच नव्हतं, कारण तिची स्वतःची रेषाच नव्हती.

2022मध्ये एका कंपनीत मुलाखत झाली. फर्स्ट क्लास, तोंडी उत्तरं फाडफाड. मग ते म्हणाले, चला लॅबमध्ये. समोर एक अनोळखी नमुना, पिपेट, रंग, मशीन. "यात प्रथिन किती ते सांगा, दोन तास आहेत." ताई म्हणते, "मी पिपेट हातात घेतला आणि मला कळलं, की आयुष्यात मी तो एकटीनं पाच वेळाही धरलेला नाही." तिनं द्रव ओढताना बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं, म्हणजे दर वेळी हवं त्यापेक्षा जास्त ओढलं गेलं. एकाच नमुन्याची तीन रीडिंग तीन दिशांना. नमुना दाट होता, तो पातळ करायचं सुचलं नाही. आलेलं रीडिंग वाकलेल्या भागात होतं, तिनं ते सरळ रेषेनं वाचलं. उत्तर खऱ्याच्या जवळपासही आलं नाही.

त्यांनी तिला कमी लेखलं नाही. फक्त विचारलं, "मॅडम, उद्या या रीडिंगवर औषधाची एक बॅच बाजारात जाणार असती तर तुम्ही सही केली असती का?"

परतीच्या गाडीत ती बोईसर ते विरार खिडकीतून बाहेर बघत बसली. घरी आल्यावर मावशीनं विचारलं, कसं झालं? ही म्हणाली, "आई, माझ्याकडे डिग्री आहे, पण मला काही येत नाही." दोन वर्षं शिकून, फी भरून, परीक्षा पास होऊन असं म्हणावं लागणं, यापेक्षा मोठी फसवणूक कुठली? आणि फसवलं कोणी? काही परिस्थितीनं, काही व्यवस्थेनं, आणि काही स्वतः स्वतःला.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताई पुन्हा आपल्या कॉलेजात गेली आणि मॅडमना म्हणाली, मला सुट्टीत लॅबमध्ये येऊ द्या, मी बाटल्या धुईन. मॅडमनी परवानगी दिली, पण शिकवलं कोणी? लॅबच्या मामांनी! तीस वर्षं ज्यांनी काचेची भांडी धुतली आणि केमिकल्स काढून दिली, त्या मामांनी तिला सांगितलं, "बाई, आधी पाणी मोजा." शंभर मायक्रोलिटर पाणी म्हणजे जवळपास 0.1 ग्रॅम, शंभर मिलिग्रॅम. संवेदनशील वजनकाट्यावर छोटी वाटी ठेवायची, काटा शून्य करायचा, शंभर मायक्रोलिटर पाणी सोडायचं, वजन लिहायचं. असं वीस वेळा. केमिकलचा खर्च शून्य! पहिल्या दिवशी ताईचे आकडे 92 ते 109 मिलिग्रॅममध्ये नाचत होते. तिसऱ्या आठवड्यात 99 आणि 100च्या मध्ये येऊन थांबले. ती वही तिनं अजून जपून ठेवलीय. त्या रात्री तिनं मला दाखवली. त्यात ना आकृती, ना रंगीत पेन. नुसते आकडे, आणि ते हळूहळू जवळ जवळ येत गेलेले. खरं सांगतो, इतकं चांगलं जर्नल मी पाहिलेलं नाही.

मग तिनं केळ्याचं काम घेतलं. वसईचं केळं! राजेळीची सुकेळी आपल्या वसईची ओळख, हे हॉस्टेलवाल्यांना एव्हाना माहीत झालंय. (रावेरच्या माणसानं वसईच्या केळ्याचं कौतुक करायचं म्हणजे काय यातना, ते आमचं आम्हाला माहीत.) सोललेलं केळं उघडं ठेवलं की काळं पडतं, बटाटाही पडतो. हे काम पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमचं. तेच केळ्यातून काढायचं. आता गंमत बघा. जे एन्झाइम काढायचं, तेच आपला नमुना काळा करून टाकतं. पहिल्या दिवशी ताईनं साध्या, खोलीच्या तापमानाच्या बफरमध्ये केळं वाटलं, तर हातात आला काळा काढा. दुसऱ्या वेळी बफर, भांडी, सगळं बर्फात ठेवून घेतलं, फिनॉल शोषून घेणारी पावडर घातली, तेव्हा रंग टिकला. तिसऱ्या वेळी अमोनियम सल्फेट घाईघाईनं एकदम ओतलं, फेस आला, प्रथिन बिघडलं. ते चिमटी चिमटीनं, बर्फावर, सावकाश ढवळत घालायचं असतं. चौथ्या वेळी डायलिसिसच्या पिशवीची गाठ सैल राहिली, सकाळी पिशवी रिकामी. पाचव्या वेळी सगळं जमलं, पण शेवटी मोजलं तर एन्झाइम गायब!

मामांनी विचारलं, "वरचं पाणी कुठाय?" ते तिनं बेसिनमध्ये ओतून दिलं होतं. एन्झाइम त्यात होतं. खाली बसेल असं पुस्तकाच्या आधारानं तिनं गृहीत धरलं होतं, ते वरच राहिलं होतं. त्या दिवशी ती एक नियम शिकली, की मोजल्याशिवाय काहीही फेकायचं नाही. सहाव्या वेळी तिनं प्रत्येक पायरीचा थोडा थोडा नमुना बाजूला ठेवला, प्रत्येकात प्रथिन किती आणि एन्झाइमचं काम किती ते मोजलं, टेबल केलं. एकूण एन्झाइम प्रत्येक पायरीला थोडं कमी होत होतं, पण प्रत्येक मिलिग्रॅम प्रथिनामागे त्याचं काम वाढत होतं. म्हणजे कचरा जात होता, माल उरत होता. हे टेबल दर एम.एस्सी.च्या जर्नलमध्ये असतं. ताईच्याही जर्नलमध्ये होतंच, आखीव-रेखीव. पण त्याचा अर्थ तिला सहाव्या वेळी कळला.

सहा वेळा! आपल्याकडे प्रॅक्टिकलला किती वेळा संधी असते? एकदा. आणि त्या एकदातही हात दुसऱ्याचा.

या सगळ्यात मला आपल्या कमला सोहोनी आठवल्या. नाव ऐकलंय? दुर्गा भागवतांची ही बहीण, पण आपण तिला जवळजवळ विसरलोय. 1911 साली इंदूरला जन्म, माहेरच्या भागवत. 1933मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या आणि बंगलोरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तेव्हा तिथे संचालक सर सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ही बाई थेट बंगलोरला जाऊन ठाण मांडून बसली, मला कारण सांगा म्हणून. शेवटी एक वर्षाच्या अजमावणीवर प्रवेश मिळाला. म्हणजे बघा, वर्षभरात हातानं काम करून दाखवायचं, नाहीतर घरी! तिथे त्यांनी एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षानंतर त्यांचं काम बघून रामननी केवळ त्यांनाच कायम केलं नाही, तर पुढे मुलींसाठी संस्थेचा दरवाजा उघडला. कुठलंही भाषण करून हे झालं नाही. टेबलावरच्या कामानं झालं.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करताना त्यांना बटाट्यात सायटोक्रोम-सी सापडलं. पेशी श्वास घेते तेव्हा इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे प्रथिन वनस्पतींमध्येही असतं, हे त्यांनी दाखवलं. 1939मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध किती पानांचा? अवघा चाळीस! आपला मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट याहून जाड असतो, नाही का? आता मगाशी ताईच्या हातातला तो काळा काढा आठवा. बटाटाही वाटला की असाच काळा पडतो. त्या बटाट्यातून नाजूक प्रथिन ओळखून काढायचं, तेही 1930च्या दशकातल्या साधनांनी! चाळीस पानांच्या मागे किती बादल्या बर्फ आणि किती फुकट गेलेले दिवस असतील, याचा अंदाज आता मला थोडा तरी येतो.

भारतात परतल्यावर दिल्ली, कुन्नूर असं काम करून त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्यानं सुरू झालेल्या बायोकेमिस्ट्री विभागात प्राध्यापक झाल्या. आपल्या विरार लोकलचं शेवटचं स्टेशन चर्चगेट, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ही संस्था अजून उभी आहे. पुढे त्या तिथल्या संचालकही झाल्या. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना कुठली कामं दिली बघा. परदेशातून मागवलेली महागडी नाहीत. गरीब माणूस खातो ती कडधान्यं आणि पितो ती नीरा. नीरेत लोह आणि जीवनसत्त्वं किती, आणि तिचा गूळ केला तर त्यातली टिकतात किती, हे त्यांच्या प्रयोगशाळेनं मोजलं. या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला.

नीरेचं काम म्हणजे घड्याळाशी शर्यत. आपल्या किनाऱ्यावर ताडाची झाडं काही कमी नाहीत, कोणाही जाणत्याला विचारा. पहाटेची नीरा ऊन चढलं की आंबायला लागते आणि तिची ताडी होते. म्हणजे तुम्ही गाडी चुकवली, बर्फ विसरलात, तर मोजणार तो पदार्थच वेगळा! असे विषय विद्यार्थ्यांना दिले की हात आपोआप शिकतो, कारण नमुना थांबत नाही आणि सिनियरच्या जर्नलमध्ये उत्तर नसतं. मला वाटतं, बायोकेमिस्ट्रीच्या पोस्ट-ग्रॅज्युएट लॅबमध्ये जे शिकायचं ते हेच. उत्तर कोणालाच आधी माहीत नाही अशा ठिकाणी, आपल्या हाताच्या आकड्यावर विश्वास ठेवता येणं.

यावर लगेच तीन आक्षेप येतील, माझ्या रूममेटनं लगेच घेतलेच. पहिला, पैसा कुठाय? एकेकाला सेट द्यायचा तर केमिकल्सचं बजेट कुठून आणायचं? हा आक्षेप खोटा नाही. पण पाणी मोजायला पैसा लागत नाही. केळं पैशांचा प्रश्न नाही. दहा प्रॅक्टिकल्स पाच जणांत उरकण्यापेक्षा सहाच घ्या, पण प्रत्येकाच्या हातानं घ्या. दुसरा आक्षेप, आता सगळं ऑटोमॅटिक आहे, मोठ्या लॅबमध्ये रोबोट पिपेट करतात. मान्य. पण रोबोटचं टोक तुंबलं, बुडबुडा आला, तर आलेला आकडा चुकीचा आहे हे कोण ओळखणार? ज्याच्या हातून तो आकडा एकदा चुकलाय तोच. तिसरा आक्षेप मात्र मला गप्प करून गेला. रूममेट म्हणाला, "खरं रीडिंग लिहिलं आणि ते चुकलं, तर मार्क कापतात. खोटं लिहिलं आणि ते बरोबर आलं, तर दहापैकी नऊ देतात. मग मी वेडा आहे का खरं लिहायला?"

सरांनो, मॅडमनो, याचं उत्तर आमच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. म्हणून विनंती करतो. ती बायोकेमिस्ट्रीच्या लॅबला लागू आहे तशी आपल्यालाही. रीडिंग पेननं, त्याच दिवशी, लॅबमध्येच लिहून त्यावर सही व्हावी. चुकलं तर खोडरबर नाही. एक रेघ मारून बाजूला खरं लिहावं, म्हणजे आधीचंही वाचता येईल. ताई सांगते, औषध कंपन्यांत हाच नियम असतो आणि तिथे आकडा खोडून गिरवणाऱ्याची नोकरी धोक्यात येते. दुसरं, मार्क आकडा बरोबर आला म्हणून नकोत. तो का चुकला हे सांगता आलं म्हणून द्या. तिसरं, वर्षातून एकदा तरी प्रत्येकाला एकट्याला, अनोळखी नमुना किंवा अनोळखी सर्किट द्या आणि दोन तास सोडून द्या. कंपनीनं पहिल्यांदा आमचा हात बघण्याआधी तुम्ही बघा. आणि चौथं, आठवड्यातून एक संध्याकाळ लॅब उघडी राहू द्या, ज्याचं बिघडलंय त्याला पुन्हा करायला. मामांना त्या तासाचे पैसे मिळायला हवेत, हेही ओघानं आलंच. शिकवतात तेही!

आणि मित्रहो, आपल्यासाठी एकच गोष्ट. पाचाच्या बॅचमध्ये टेबल आखणारा होऊ नका. अक्षर चांगलं असणं हा शाप आहे, ताईला विचारा!

माझं काय झालं? तो सुंदर ग्राफ मी त्या सोमवारी दिला नाही. सरांना जाऊन खरं सांगितलं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गुरुवारी साडेचारला ये." गुरुवारी एकट्यानं एलव्हीडीटी लावला. गाभा मधोमध आणला तरी मीटर पूर्ण शून्य दाखवेना, थोडं व्होल्टेज शिल्लकच. मला वाटलं मीच चुकलो, तीन वेळा लावलं. पुस्तक उघडलं तर त्यात एका ओळीत तेच लिहिलेलं. आणि गाभा दोन्ही टोकांकडे नेला तेव्हा माझी रेषा, ताई म्हणाली होती तशी, थकून वाकली.

ग्राफ कुरूप आलाय. चेकिंगमध्ये दहापैकी सहा मिळाले, लेट सबमिशनचे कापून. पण त्यातले दहाही बिंदू माझे आहेत. पुढच्या वर्षीच्या ज्युनियर्सनी माझं जर्नल मागायला येऊ नये. आलेच, तर मी त्यांना घेऊन गुरुवारी साडेचारला लॅबमध्ये जाईन.